पिल्लांची सावड

माझी सगळी नोकरी पाण्याच्या काठावर गेली. राहायला भातसानगरच्या वसाहतीत, काम धरणावर. मुंबईत सकाळी नळाला पाणी येतं त्यात आपल्याही हाताचा थोडा वाटा आहे, असं मानून मी रोज जेवत असे. निवृत्तीनंतर शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका गावात आम्ही घर बांधलं. पाणी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, असा माझा पक्का समज होता. तो समज माझ्या बायकोने तीन फूट लांबीच्या एका काचेच्या पेटीत बुडवला.

ती पेटी आम्ही वसाहत सोडायच्या आधीच आलेली, तिथल्याच एका शेजाऱ्याची. त्याची बदली झाली, सामानाच्या टेम्पोत काच फुटेल म्हणून तो ती आमच्याकडे ठेवून गेला. आत चार-दोन गप्पी मासे होते. बायकोला वाटलं, आलेच आहेत तर बघू. पुढे तिला नाद लागला आणि एकदा कल्याणच्या बाजारातून तिने बोटाएवढ्या माशांची एक जोडी आणली. दुकानदाराने सांगितलं, हे सिक्लिड जातीचे, मूळचे आफ्रिकेतले, नाव क्रिबेन्सिस. घरी येईपर्यंत तिने त्याचं 'क्रीब' करून टाकलं होतं. पिशवीत बघितलं तर दोन मळकट मासे. मी म्हटलं, "याच्यापेक्षा मुरबाडच्या बाजारातून बोंबील आणले असतेस तर रात्रीचं भागलं असतं."  माझ्या विनोदांवर गप्प बसण्याचा तिला मोठा सराव आहे.

महिन्याभरात त्या मळकट माशांनी मला गप्प केलं. मादीचं पोट पिकलेलं करवंद फोडल्यावर दिसतं तसं लालजांभळं झालं. आणि ती नटूनथटून वाट बघत बसली नाही. नराच्या पुढ्यात जाऊन अंग वाकवायची, थरथरायची, त्याला करवंटीकडे घेऊन जायची. करवंटी आमच्याच स्वयंपाकघरातली. बायकोने नारळाची अर्धी करवंटी घासून, उकळून, कडेला बोट जाईल एवढी खाच पाडून वाळूत पालथी घातली होती. तेच त्यांचं घर. "बघा," बायको म्हणाली, "यांच्यात पुढाकार बाईचा असतो." मी म्हटलं, आपल्यातही फार वेगळं नव्हतं, फक्त करवंटीच्या जागी वसाहतीची खोली होती. त्यावर मात्र ती हसली.

अंडी करवंटीच्या आतल्या बाजूला, छताला चिकटवलेली असत. मादी आत, नर दारात. पण पहिल्या वेळी अंडीच नाहीशी झाली. दुसऱ्या वेळी पिल्लं बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. खाल्ली होती आईबापांनीच. मला राग लवकर येतो, मी त्या मादीला काचेवर टिचकी मारून शिव्या घातल्या. बायकोने माझा हात धरला. "पहिलटकरीण आहे ती. घाबरली की खाते. शिकेल." तिसऱ्या वेळीही तेच झालं, तरी हिचं आपलं, शिकेल, शिकेल. माझ्या बाबतीतही लग्नानंतर तिने कोणाला तरी असंच सांगितलं असणार.

आमच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या पेटीपुढे थांबून एकच प्रश्न विचारी, "हे केवढे होतात?" म्हणजे कालवणाला पुरतील का. एवढेच राहतात म्हटलं की चेहऱ्यावर कीव यायची. खायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग कशाला पोसता? या प्रश्नाचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. पण हळूहळू मी चहाचा कप घेऊन त्या पेटीसमोर बसायला लागलो होतो. बायकोने ते बघितलं होतं.

मग तिचं दुखणं निघालं. बरेच दिवस अंगावर काढलेलं. कल्याणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, आता पुढे ढकलू नका. तारीख ठरली आणि नेमकी त्याच आठवड्यात मादी पिल्लं घेऊन बाहेर पडली. या खेपेला ती घाबरलेली नव्हती. शेपटीपेक्षा डोळेच मोठे अशी इवली इवली पिल्लं, वाळूवर तरंगणारा नुसता धुरळा. आणि त्यांच्यावर सावली धरून ती. नर दोन वितींवर राखण करत फिरायचा. बायको पेटीपुढून उठेना. बॅग भरून दारात ठेवलेली, मुलगी नाशिकहून येऊन बसलेली, आणि ही म्हणते, "मी नाही जात. चौथ्या खेपेला जमलंय तिला. पुढच्या महिन्यात बघू."

मुलगी समजावून थकली. मी ओरडलो, त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "तू ये ऑपरेशन करून. तू येईपर्यंत मी ही जगवतो." तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. नोकरीत मी धरणाची दारं सांभाळली, पण घरात तिने मला कधी कुंडीसुद्धा सांभाळायला दिली नव्हती. "नक्की?" म्हणाली. मी म्हटलं, नक्की. या एका शब्दावर ती गाडीत बसली.

बसण्याआधी माझी शिकवणी झाली. उकडलेल्या अंड्याचा बलक, हरभऱ्याएवढा. मलमलच्या फडक्यात धरून पाण्यात एकदाच पिळायचा, ढगासारखं पसरलं की बस्स. जास्त नाही, पाणी नासतं. उरलेलं नळीने ओढून काढायचं. बोअरचं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत रात्रभर ठेवलेलं घालायचं. आणि हवेचा पंप चालू आहे का ते बघायचं. मी सगळं तिच्यासमोर म्हणून दाखवलं, परीक्षेला बसल्यासारखं.

ऑपरेशन नीट पार पडलं. मुलगी तिच्याजवळ राहायची. मी सकाळी पिल्लांना भरवून मुरबाडवरून कल्याणची एसटी धरायचो आणि दिवेलागणीनंतर परत, तोवर पेटीवर अंधार असायचा. पिल्लांच्या दुपारच्या खाण्यासाठी किल्ली शेजारच्या काकींकडे दिली होती. काकी सत्तरीच्या पुढच्या. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना त्यांचीच भाताची खाचरं. कंबर गेल्यापासून त्यांना लावणी जमत नाही, म्हणून त्या बांधावर उभ्या राहून मुलाला आणि सुनेला लावणी कशी करायची ते सांगतात. मुलगा कधी कधी दूरच्या टोकाचं खाचर आधी लावायला घेतो, ते उगाच नाही. काकींना पेटीतलं काही कळत नव्हतं, पण किल्ली हातात घेताना त्या म्हणाल्या, "बायचं हाय ना? मंग तुमी नका काळजी करू."

शुद्धीवर आल्यावर बायकोने पहिलं काय विचारलं असेल ते सांगायला नको. मुलगी चिडली, "आई, आधी पाणी पी." मी म्हटलं, "आहेत. सगळी आहेत." तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पावसाचा जोर वाढला, कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि अख्ख्या गावाची वीज गेली. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की ती कधी येईल हे विचारायचं नसतं. पंप बंद. मी बायकोला फोन करावा की नाही या विचारात होतो, तेवढ्यात तिचाच आला. तिला तिथे पाऊस दिसला होता. "वीज आहे का?" मी खोटं बोललो नाही. ती म्हणाली, "मग पाणी हलतं ठेवायला हवं. स्टीलचा पेला घ्या, वरचं पाणी घ्या, वीतभर उंचीवरून हळू ओता. सारखं नको, पण दिवसभर थोडं थोडं करत राहा." मी म्हटलं, करतो. फोन ठेवल्यावर डोकं धरून बसलो. मी दिवसभर पेला ओतत बसलो तर हिच्याकडे कोण जाणार?

काकी दारात उभ्या होत्या, सगळं ऐकत. त्या म्हणाल्या, "त्यात काय! सावड करू."

सावड म्हणजे आमच्याकडची लावणीची रीत. आज तुम्ही सगळे माझ्या खाचरात, उद्या आम्ही सगळे तुमच्या. मजुरी नाही, हिशोब दिवसाला दिवस. पण ती शेताची गोष्ट. काचेच्या पेटीची सावड कोणी ऐकली नव्हती. मी म्हटलं, "अहो काकी, लावणीचे दिवस, माणूस कुठे मोकळं आहे?"

"लावणीला न जानारी मानसं हायत ना," काकी म्हणाल्या. "ज्याची कंबर गेली, ज्याचा गुडघा गेला, ज्याला दम लागतो. आमी घरात बसून करतो काय? कौलं मोजतो."

आणि खरोखर, तासाभरात आमच्या माजघरात लोक पाळीने येऊन बसायला लागले. समोरच्या घरातले गुडघा गेलेले आजोबा आले, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मासे जिवंत ठेवायला हात लावला असावा. पेला बुडवायचा, उचलायचा, ओतायचा. तोंडाने गप्पा चालू. कोणाचं रोप वाहून गेलं, कोणाची म्हैस आटली. मी निघताना आजोबा पेला ओतता ओतता म्हणाले, "भाऊ, तुमी जनम सारा मुंबईला पानी दिलंव, आता आमी तुमच्या माशांना देतो." मी हसलो आणि निघालो. एसटीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. अजूनही त्या पेल्याचा पाण्यात पडण्याचा आवाज आठवला की माझं तसंच होतं.

त्याच संध्याकाळची गोष्ट. मी परतलो तर काकी ओटीवरच उभ्या. पदर खोचलेला, चेहरा लाल. "भाऊ, वाचवली तुमची पिल्लं!"

आत नेऊन त्यांनी कंदील धरून दाखवलं. चुलीजवळ एक पातेलं, त्यावर ताट, ताटावर वरवंटा. "ती रांड गिळत व्हती पोरांना. अंधार पडाया लागला, नि एकेक करून तोंडात घ्यायला लागली. घ्यायची नि करवंटीत घुसायची. पुन्ना भाईर. पुन्ना दुसरं. मी डोल्यानं बघितलं. म्हटलं, बाय तिकडं खाटेवर पडलीय नि हिनं हितं असं करावं? गाळणीनं धरली नि टाकली पातेल्यात. उडून जाईल म्हनून वर वरवंटा ठेवला."

मी ताट उचलून बघितलं. मादी तळाशी होती, लालजांभळा रंग उतरून फिक्कट पडलेली, कल्ले जोरात हलत होते. पेटीत नर एकटा वेड्यासारखा इकडून तिकडे धावत होता. वाळूवर पिल्लं विखुरलेली. आधीची तीन बाळंतपणं मला आठवली आणि मी काकींवर पूर्ण विश्वास ठेवला. मलाही वाटलं, खाल्ली हिने. चौथ्या खेपेलाही खाल्ली. घरात आता आम्ही दोघे बापच उरलो होतो, तो काचेच्या आत आणि मी बाहेर, आणि काय करावं ते दोघांनाही कळत नव्हतं.

फोन करायचं मला धाडस होत नव्हतं. टाके ओले असलेल्या बाईला हे कसं सांगायचं? पण मी तिला 'नक्की' म्हटलं होतं. फोन लावला, आवाज मोठा केला, आणि काकींनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं.  मग तिने विचारलं, "तोंडात घेऊन करवंटीत जात होती? आणि बाहेर आली की तोंड मोकळं?"

काकी पुढे होऊन म्हणाल्या, "हो गो बाय, तोंड मोकलं. गिळलंच ना तिनं."

"काकी," बायको हळू म्हणाली, "ती त्यांना झोपायला नेत होती."

काकींनी वळून पातेल्याकडे बघितलं.

"अंधार पडला की ती एकेक पिल्लू तोंडातून नेते आणि आत सोडते. सकाळी पुन्हा बाहेर आणते. अहो, हे मी तुम्हाला सांगायलाच विसरले. मला वाटलं, बघून कळेल." शेवटचं वाक्य मला होतं. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, "आता?"

"आता तिला परत सोडा. तिने पिल्लं ओळखली तर ओळखली. घाबरलेली आहे, खाईलही. नर जवळ येऊ देईल की नाही तेही सांगता येत नाही. आधी पातेल्यात पेटीतलं पाणी थोडं थोडं घाला, मग करवंटीजवळ सोडा. वरून माझी जुनी सुती साडी टाका. आणि सकाळपर्यंत उघडून बघायचं नाही. तुम्हाला जमेल?" मला जमेल का, हे विचारण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

तिने सांगितलं तसं मी केलं. वाटी वाटीने पाणी घातलं. ओंजळीत उचलली तेव्हा तिचं काळीज माझ्या तळव्याला लागत होतं, किंवा माझंच असेल. सोडल्याबरोबर नर अंगावर धावून आला. ती काचेच्या कोपऱ्यात दबली. तो पुन्हा आला. मी साडी टाकली, कारण मला बघवेना. मागे वळलो तर काकी नव्हत्या. किल्ली ताटात ठेवून गेल्या होत्या.

सकाळी साडी उचलताना मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा बायकोवर सोपवतो. पेटीत नर होता, करवंटीच्या दारासमोर. बाकी काही नाही. वाळूवर एक पिल्लू नाही. मी खाली बसलो. बायकोला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करायला लागलो आणि एकही वाक्य पुढे जाईना. तेवढ्यात खाचेतून मादीचं तोंड दिसलं. तिने बाहेर बघितलं, नराने तिच्याकडे बघितलं, तो बाजूला झाला. ती बाहेर आली आणि तिच्यामागून तो धुरळा, करवंटीच्या दारातून, येतच राहिला. थोडी कमी झाली असतील. कोण मोजणार? मादीचं पोट पुन्हा करवंदासारखं झालं होतं.

मी फोन लावला आणि फक्त "आहेत" म्हटलं. पलीकडे मुलगी घाबरून विचारत होती, आई, टाके दुखतायत का, रडतेस का? मी फोन कानाला धरून तसाच बसून राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी दिलेला शब्द मी एकट्याने पाळला नव्हता, गावाने पाळला होता, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. उलट एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

वीज यायला त्यानंतरही वेळ लागला. पाळ्या चालू राहिल्या. आजोबा आले, काकींची सून आली. काकी मात्र आल्या नाहीत. "आई येत नाय म्हनते," सून खाली बघत म्हणाली, "म्हनते, माझ्या हाताला दोष लागला." मी त्यांच्या दारात जाऊन सांगून आलो, पिल्लं आहेत, मादीने ओळखली. काकींनी मान हलवली, पण उंबरा ओलांडला नाही.

बायको घरी आली ती हळूहळू पावलं टाकत, मुलीचा हात धरून. तिला खाटेवर झोपायला सांगितलं होतं. तिने खाट पेटीसमोर लावून घेतली. पिल्लं बघून झाल्यावर म्हणाली, "काकींना बोलवा. दिवे लागायच्या आधी." मी सांगितलं, त्या येणार नाहीत. "मग त्यांना सांगा, मी उठून येते." हा निरोप ऐकल्यावर काकी दहा पावलांत आमच्या दारात हजर. हातात गरम पेजेचं भांडं. बायकोकडे न बघता म्हणाल्या, "तांदूळ नवा नाय, पन चांगला हाय."

बायकोने त्यांना खाटेवर शेजारी बसवलं. बाहेर ढगांनी लवकर अंधारून आलं होतं. पेटीतली मादी इकडे तिकडे बघू लागली. मग तिने एक पिल्लू तोंडात घेतलं. काकींनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. मादी करवंटीत गेली, बाहेर आली, तोंड मोकळं. दुसरं घेतलं. एक पिल्लू पुन्हा पुन्हा पळून जायचं, त्याच्यामागे ती दोनदा गेली, मग नराने त्याला वळवून आणलं.  शेवटी ती आत शिरली आणि नर दारात उभा राहिला.

"नदीत मरळ पिल्लांच्या खाली उभी राहते," काकी म्हणाल्या. "लाल लाल पिल्लं, नि खाली ती. हात घातला तं चावते. ती मी बघितलीय. पन तोंडात घेताना फकस्त मांजर बघितली गो. मासळी कधी बघितली नाय." आणि मग, पदराने तोंड पुसत, "मी आईला पोरांपासून काढली."

"तुम्ही पोरांसाठी पाण्यात हात घातलात," बायको म्हणाली. "मी तिकडे पडले होते. मला वाटायचं, ह्यांना कसं जमेल, कोण बघेल. माझ्या मागे कोणीतरी त्या एवढ्याशा जिवांसाठी धावलं, हे मी विसरणार नाही काकी." मग दोघी रडल्या आणि मी पेज गरम करायला उठलो. ती गरमच होती.

चार दिवसांनी मी मुरबाडला जाऊन एक साडी आणली, काठाची, बरी होती. काकींना दिली. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि पिशवी माझ्याकडे ढकलली. "लुगडं कनाला? मजुरी देतांव काय?"

"मजुरी नाही काकी. उपकार फेडता येत नाहीत, पण..."

"उपकार कसला? सावड केली आमी. सावडीला दिसाला दिस देतात, लुगडं नाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत त्यांचा मुलगा हसायला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आजोबांच्या खाचरात उभा होतो. ज्यांनी ज्यांनी पेला धरला त्यांच्या त्यांच्या खाचरात उभा राहिलो. धरणावर पाण्याची पातळी डोळ्यांनी सांगणारा मी, चिखलात एका जागी दोन मिनिटं नीट उभा राहू शकत नव्हतो. दोनदा बसलो, एकदा आडवा झालो. माझी लावलेली ओळ बघून बायका म्हणायच्या, "भाऊंची ओळ मुंबईच्या पाइपासारखी हाय, जाते कुठं ते कळत नाय." घरी आलो की कमरेचे तीन तुकडे झालेले असायचे. पेटीसमोरच्या खाटेवरून बायको म्हणायची, "शिकाल, शिकाल."

शेवटी काकींचं खाचर राहिलं. त्या बांधावर उभ्या, छत्री धरून, माझ्या प्रत्येक रोपाला नाव ठेवत. दुपारी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊन मी पुन्हा चिखलात उतरायला निघालो तर म्हणाल्या, "पुरे. घरी जा आता."

"काकी, अर्धा दिवस राहिलाय की."

"र्‍हाऊ दे. सावड कधी पुरी फेडायची नाय. पुरी फेडली तं पुढल्या साली याल कनाला?"

मी चिखलाने भरलेले हात घेऊन तिथेच उभा राहिलो. सगळं आयुष्य मी घेतलेलं परत करून मोकळं व्हायला शिकलो होतो. कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, असं माझे वडील सांगत. मोकळं होणं म्हणजे सुटणं, आणि सुटणं म्हणजे एकटं होणं, हे मला त्या बांधावर कळलं. मला सुटायचं नव्हतं.

पिल्लं मोठी झाली, त्यांतल्या एका मादीचं पोटही आता करवंदी रंग धरतं. एक जोडी आजोबांनी बरणीत मागून नेली, ती बरणीत राहणार नाही म्हणून बायकोने त्यांना छोटी पेटी लावून दिली, करवंटीसकट. हिची तब्येत चांगली आहे. यंदाच्या लावणीला मी ठरवून गेलो होतो की काकींचा राहिलेला अर्धा दिवस आज फेडायचाच, निदान प्रयत्न तरी करायचा. म्हातारीला हरवण्यात एक मजा असते. सकाळी त्या बांधावर यायच्या आधीच मी उतरलो आणि भरभर लावत सुटलो. त्या आल्या, माझ्या ओळीकडे बघून मान हलवली, आणि सुनेला म्हणाल्या, "जा गो, भाऊंच्या घरी जाऊन बायजवळ बस. पंप बंद पडला तं पेला धर."

पंप चालू होता, वीजही होती. पण सून गेली आणि संध्याकाळपर्यंत बायकोजवळ बसून आली. काकींनी छत्री मिटली आणि माझ्या वाकड्या ओळी हिशोबात न धरता मला सांगितलं, सुनेचा दिवस मिळून माझ्या अंगावर आता दीड दिवस झाला.